वंशावळीच्या मोठ्या डेटाबेसमधून दीर्घायुषी पूर्वज कसे शोधायचे?

गड्डाकर
नमस्कार मंडळी. आमच्या भावकीची वंशावळ ग्रॅम्प्स या वंशावळीच्या संगणक प्रोग्रॅममध्ये भरली आहे. मूळ गाव अक्कलकोट तालुक्यात. आता निम्मी भावकी सोलापुरात, बाकीची पुणे, गुलबर्गा, हैदराबाद अशी पांगलेली. हेळव्याने, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी वहीत ठेवणाऱ्याने, वाचून दाखवलेल्या पिढ्या, चुलत्यांच्या वह्या, पुण्याच्या चुलतभावाने पाठवलेली जेडकॉम फाईल (एका प्रोग्रॅममधली वंशावळ दुसऱ्यात नेण्याची), असं सगळं एकत्र केल्यावर साडेअकरा हजारांच्या वर माणसं झाली आहेत.

येत्या गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला भावकी जमणार आहे. नंदीध्वजांची मिरवणूक झाली की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जेवण. थोरल्या काकांच्या डोक्यात आलंय की आपल्या घराण्यात नव्वदी ओलांडलेल्या पूर्वजांची यादी मोठ्या फ्लेक्सवर लावायची. काम अर्थातच माझ्या गळ्यात.

सगळी नावं एक्सेलमध्ये काढून मृत्यूच्या सालातून जन्मसाल वजा केलं आणि उतरत्या क्रमाने लावलं. सर्वांत वर १४३ वर्षांचे एक गृहस्थ, त्यांच्याखाली १२८, मग एकशे दहाच्या वरचे दहाबारा. आणि आमची पणजी, जिच्या मांडीवर काका वाढले, जी पार थकेपर्यंत जगली असं सगळं घर सांगतं, ती यादीत कुठेच नाही. डेटाबेसमधून खरे दीर्घायुषी कसे गाळून काढायचे? कुणी केलंय का हे?

शेंगाचटणी
१४३ लावा की बे फ्लेक्सवर! विजापूर वेशीपर्यंत रांग लागेल बघायला.

सुशीला_खाणारा
शेंगाचटणी, दम धर जरा. गड्डाकर, आधी वरची मर्यादा ठरवून घ्या. कागदोपत्री सिद्ध झालेलं जगातलं सर्वांत जास्त वय फ्रान्सच्या जान कालमां यांचं: १८७५ ते १९९७, १२२ वर्षं १६४ दिवस. पुरुषांत जपानचे जिरोएमोन किमुरा, ११६ वर्षं. तेव्हा १२२ च्या वर जे जे काही येतं ते माणूस नाही, नोंदीतला घोळ आहे. माझ्या मते ११० च्या वरचं सगळंच तोपर्यंत घोळ धरावं, जोवर हातात कागद येत नाही.

आता यंत्राकडचं सांगतो. ग्रॅम्प्समध्ये गाळणी लावता येते: 'अमुक व्यक्तीचे पूर्वज'. काकांना मूळ धरून ती लावा आणि फक्त तेवढीच माणसं सीएसव्हीत (एक्सेलला वाचता येणाऱ्या फाईलमध्ये) निर्यात करा. साडेअकरा हजारांतून थेट रेषेतले असे कितीसे निघणार? चुलत शाखा हव्या असतील तर मूळ पुरुषाचे वंशज अशी दुसरी गाळणी करा. पण दोन्ही याद्या वेगळ्या ठेवा. कारण नंतर कळेल.

एक्सेलचा एक पेच आहे. त्याची दिनदर्शिका १ जानेवारी १९०० ला सुरू होते. त्याआधीची पूर्ण तारीख घातली की ती त्याला तारीख वाटतच नाही, नुसता मजकूर वाटतो. मग वजाबाकी एक तर चुकते नाही तर त्या ओळी गळतात. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये ही अडचण येत नाही. नाही तर सरळ साल वेगळ्या रकान्यात काढा, वयासाठी तेवढं पुरे.

शिवाय ग्रॅम्प्समध्येच डेटा तपासण्याचं आणि दुबार माणसं शोधण्याचं साधन आहे. यादी करायच्या आधी ती दोन्ही चालवा. आईच्या आधी जन्मलेली लेकरं, बापाच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी झालेला मुलगा, सगळं बाहेर येतं.

तलाठी_निवृत्त
गड्डाकर, १४३ वाल्यांचं नाव इथे लिहू नका, पण एक सांगा. त्यांच्या नातवाचं नाव तेच आहे का?

गड्डाकर
हो काका! तेच नाव. आणि नातवाच्या बापाचं नाव त्यांच्या बापासारखंच.

तलाठी_निवृत्त
मग झालं. तुमच्या १४३ मध्ये दोन माणसं राहतात. आपल्याकडे आजा वारला की नातवाला त्याचं नाव. पिढीआड तीच जोडी: मल्लाप्पा बिन सिद्राम (म्हणजे सिद्रामचा मुलगा मल्लाप्पा), मग सिद्राम बिन मल्लाप्पा, मग परत मल्लाप्पा बिन सिद्राम. आजोबाचं जन्मसाल आणि नातवाचं मृत्यूसाल एकाच माणसाच्या खात्यावर गेलं की दीडशेच्या घरात पोचायला वेळ लागत नाही. दोन फायली एकत्र करताना संगणकाला नाव आणि बापाचं नाव जुळलं एवढंच दिसतं. चुलतभावाची फाईल जोडताना हेच झालं असणार.

ओळखायची खूण सांगतो. त्या माणसाच्या मुलांची जन्मसालं पाहा. मुलं दोन थव्यांत येत असतील, मधे चाळीसपन्नास वर्षं कोरी, तर ती दोन माणसं. बायकोची नावं दोन असतील तर अजून खात्री. अर्थात तेव्हा दुसरपणाची लग्नं सर्रास होती, म्हणून नुसत्या बायकोवर जाऊ नका.

जीवशास्त्र_मास्तर
तलाठीकाका म्हणतात तसं मोठमोठ्या ठिकाणीही झालंय. जपानचे शिगेचियो इझुमी १९८६ साली वारले तेव्हा त्यांचं वय १२० धरलं होतं, विक्रमांच्या पुस्तकातही होतं. पुढे शंका आली की तो जन्मदाखला त्यांच्या आधी जन्मून वारलेल्या थोरल्या भावाचा असावा आणि तेच नाव यांना दिलं असावं. विक्रम मागे घेतला गेला.

मोडीवाचक
१२८ वाल्यांबद्दल माझा अंदाज वेगळा आहे. त्यांचं जन्मसाल कुठून आलं? हेळव्याच्या वहीतून?

गड्डाकर
हो. हेळव्याने कानडीत वाचलं, आम्ही मराठीत उतरवून घेतलं. त्यात संवत्सराचं नाव होतं, 'बहुधान्य'. इंग्रजी साल चुलत्यांनी काढलं, १८१८.

मोडीवाचक
मग तिथेच पाणी मुरतंय. संवत्सरं साठ. साठ वर्षांनी तेच नाव फिरून येतं. बहुधान्य १८१८-१९ ला होतं, तसं १८७८-७९ ला होतं आणि पुढे १९३८-३९ लाही. शक लिहिलेला नसेल तर कुठलं चक्र धरायचं हे इतर पुरावा पाहून ठरवावं लागतं. १२८ मधून ६० गेले की ६८. १८७८ ते १९४६, अगदी साधंसुधं आयुष्य. या माणसाच्या बापाचं आणि थोरल्या मुलाचं साल तपासा, लगेच कळेल.

शक दिला असेल तेव्हा ७८ मिळवतात, पण पौषाच्या मधल्यापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला ७९. एका वर्षाने नव्वदीत येणारा माणूस एकोणनव्वदीत जातो, फ्लेक्सवर भांडण नको म्हणून सांगतो. भावकीची एखादी शाखा तुळजापूर, नळदुर्गकडे असेल तर तिथले १९४८ च्या आधीचे कागद निजामाच्या अमलातले, त्यावर फसली, म्हणजे महसुली सन असणार. त्यात ५९० मिळवा. जुन्या मराठी कागदांवर अरबी सनही असतो, त्यात ५९९ किंवा ६००. हे तिन्ही आकडे कुणी सरसकट 'शके' म्हणून भरून ठेवले असतील तर वंशावळीत मजाच मजा.

सुशीला_खाणारा
म्हणूनच एकच वय काढू नका. प्रत्येक माणसाला चार रकाने द्या: जन्म लवकरात लवकर कधी, जन्म उशिरात उशिरा कधी, मृत्यू लवकरात लवकर कधी, उशिरात उशिरा कधी. पक्की तारीख असेल तर दोन्हीकडे तेच साल.

मग कमीत कमी वय म्हणजे लवकरात लवकरचा मृत्यू वजा उशिरात उशिराचा जन्म. जास्तीत जास्त वय याच्या उलट. यादी लावायची ती कमीत कमी वयावर. ज्याचं कमीत कमी वय ९० भरतं तो फ्लेक्सवर. ज्याचं फक्त जास्तीत जास्त वय ९० च्या पुढे जातं तो 'कागद शोधा' या यादीत. ग्रॅम्प्समध्ये तारखेला 'सुमारे', 'च्या आधी', 'च्या नंतर', 'या दोन सालांमध्ये' असं लिहिता येतं, अंदाजे की हिशेबाने काढलेली तेही नोंदवता येतं. पण लोक आळस करतात आणि 'सुमारे १९००' ला नुसतं १९०० लिहितात. तुमच्या फाईलमध्ये ० आणि ५ वर संपणारी जन्मसालं किती आहेत ते मोजा. पाचातल्या एकाहून बरीच जास्त असतील तर ती अंदाजपंचे आहेत असं समजा. जनगणनावाले हाच ताळा व्हिपलच्या निर्देशांकाने घेतात.

माहेर_बार्शी
पणजीबाई यादीत का नाहीत याकडे कुणी वळलंच नाही! एकशे त्रेचाळीसवाल्या आजोबांचीच कौतुकं.

भाऊ, तुमच्या डेटाबेसमध्ये बायकांपैकी किती जणींना जन्मसाल आहे ते बघा. सुना लग्नाच्या दिवशी उगवतात, लेकी लग्नाच्या दिवशी मावळतात, मधल्या काळात त्या 'अमक्याची आई'. जन्मसाल नाही म्हणजे वजाबाकी होत नाही, वजाबाकी नाही म्हणजे यादीत नाव नाही. म्हाताऱ्या जगल्या जास्त आणि यादीत मात्र सगळे पुरुष, असं होणारच. माझ्या सासरच्या वंशावळीत तर सुनांची माहेरची नावंसुद्धा नाहीत.

गड्डाकर
ताई, पाहिलं. थेट रेषेतल्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींना जन्मसाल नाही. पणजीचा मृत्यू मात्र पक्का आहे, १९८७, महापालिकेचा दाखला आहे. जन्माचं काहीच नाही.

तलाठी_निवृत्त
जन्माची नोंद तिच्या नावाने मिळणार नाही, तो नाद सोडा. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत, गाव नमुना १४ मध्ये, जन्मलेल्या पोराचं नाव बहुतेकदा नसतंच. 'अमक्यास मुलगी' एवढंच. नोंद झाली असली तरी कुठली मुलगी हे कसं ठरवणार? शिवाय ती बुकं तिच्या माहेरच्या गावाची लागतील.

तिला दोन्ही बाजूंनी कोंडा. तिच्या पहिल्या आणि शेवटच्या लेकराचं साल माहीत आहे का? तिच्या पाठचा भाऊ कुणी होता का, शाळेत गेलेला?

गड्डाकर
पहिला मुलगा १९१२, शेवटची मुलगी १९३८. पाठचा भाऊ होता, अक्कलकोटला शाळेत होता. त्याच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा त्यांच्या घरी आहे, १ जून १८९५.

शेंगाचटणी
१ जून! आख्ख्या महाराष्ट्राचा वाढदिवस.

तलाठी_निवृत्त
हसू नका, १ जून असली तरी उपयोगाची आहे. मास्तर तारीख मनाने टाकायचे. पण साल टाकताना पोराचं वय कमी लावायचे, जास्त लावल्याचं मी तरी क्वचित पाहिलं. म्हणजे भाऊ १८९५ ला किंवा त्याआधी जन्मला. पणजी त्याच्याहून थोरली, म्हणजे उशिरात उशिरा १८९४. दुसऱ्या बाजूने पाहा: १९३८ ला मुलगी झाली तेव्हा वय पन्नासच्या आत धरलं तर जन्म १८८८ च्या आधीचा नाही. १९८७ ला वारली. करा हिशेब.

सुशीला_खाणारा
कमीत कमी ९२ (वजाबाकी ९३ येते, पण वाढदिवसाच्या आधी वारली असेल तर एक कमी), जास्तीत जास्त ९९. घ्या, एकही जन्मदाखला नसताना पणजीबाई फ्लेक्सवर.

माहेर_बार्शी
👏 नाव मोठ्या अक्षरात आलं पाहिजे.

तलाठी_निवृत्त
अजून एक जागा सांगून ठेवतो, तिथे फार कमी लोक बघतात: वारसनोंदीचे फेरफार. जमीनवाला वारला की तलाठी वारसांची नावं नमुना ६ क मध्ये घेतो आणि मग फेरफार होतो. १९५६ च्या वारसा कायद्यानंतर मुलगा आईच्या आधी गेला तर आई पहिल्या वर्गाची वारस. म्हणजे मुलगा १९६४ ला वारला आणि फेरफारात 'आई' म्हणून म्हातारीचं नाव आहे, तर ती त्या दिवशी हयात होती याचा तो सरकारी पुरावा. पुढे तिच्या मृत्यूनंतर तिचं नाव कमी करायचाही फेरफार होतो. म्हातारीच्या आयुष्याची दोन टोकं अशी जमिनीच्या कागदावर सापडतात. लेकींचीही नावं सासरच्या आडनावासकट तिथेच मिळतात.

कोतवाल बुकं आता पूर्वीपेक्षा सोपी झाली आहेत. २०२३ ला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी जिल्ह्याजिल्ह्यात जुनी दप्तरं उघडली, त्यांतल्या बऱ्याच कागदांचं स्कॅनिंग झालं. शोधणाऱ्यांना जात हवी होती, तुम्हाला साल हवं आहे, कागद तोच. मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारण दोन्ही असतं. फक्त ते वय सांगणाऱ्याच्या अंदाजाचं. '१०० वर्षे, म्हातारपण' दिसलं की शंभर वाचू नका, 'खूप म्हातारा' एवढंच वाचा.

मोडीवाचक
तोंडी माहिती घेताना साल विचारू नका, घटना विचारा. सोलापुरात सर्वांत पक्की खूण मार्शल लॉची, मे १९३०. 'मार्शल लॉ लागला तेव्हा मी न्हाण आलेली होते', 'चौघांना फाशी दिली तेव्हा थोरला पोटात होता', यातून साल नेमकं सुटतं. ती फाशी १२ जानेवारी १९३१ ची. रझाकार, पोलीस ॲक्शन म्हटलं की १९४८. 'प्लेगात' मात्र कुचकामी, कारण १८९६ नंतर प्लेग वर्षानुवर्षं येत राहिला. 'दुष्काळात'चंही तेच: १८७६ चा, १८९६ चा की १८९९ चा? नुसत्या दुष्काळावर जन्मसाल बेतलं तर माणूस वीस वर्षांनी म्हातारा होतो.

हुरडाप्रेमी
उशिरा येतोय धाग्यावर. एक भाबडा प्रश्न. माझे पणजोबा, खापरपणजोबा दोघंही ऐंशीच्या पुढे गेले. म्हणजे मीही जाणार का? विम्याचा हप्ता कमी करू का? 😀

जीवशास्त्र_मास्तर
हप्ता भरत राहा. याच प्रश्नावर २०१८ मध्ये वंशावळींच्या प्रचंड डेटाबेसवरून दोन अभ्यास आले. एकात जेनी या संकेतस्थळावरची ८ कोटी ६० लाख माणसांची माहिती घेतली होती. ती साफ केल्यावर सर्वांत मोठं एकसंध झाड १ कोटी ३० लाख माणसांचं निघालं. त्यात आयुष्याच्या लांबीतला आनुवंशिक वाटा १६ टक्क्यांच्या आसपास आला. दुसरा अभ्यास ॲन्सेस्ट्री या दुसऱ्या वंशावळीच्या संकेतस्थळावरच्या ४० कोटींहून जास्त माणसांचा. त्यांच्या ध्यानात आलं की नवराबायकोच्या आयुष्यातही साम्य असतं, इतकंच काय, व्याह्याविहिणींच्या आयुष्यातही. रक्ताचं नातं नसताना हे कसं? कारण आपण सोयरीक आपल्यासारख्या घरातच करतो. तो परिणाम वजा केला तर आनुवंशिक वाटा १० टक्क्यांच्याही खाली गेला. त्याआधी डेन्मार्कच्या जुळ्यांवरून तो पंचवीसच्या आसपास धरला जात होता.

आणि सुशीला_खाणारा यांनी दोन याद्या वेगळ्या ठेवा म्हटलं त्याचं कारणही यातच आहे. तुमच्या थेट पूर्वजांत लहानपणी वारलेला एकही जण असू शकत नाही, नाही तर तुम्हीच नसता. १९११ ते १९२१ या दशकात भारतातलं जन्मावेळचं सरासरी आयुर्मान विशीच्या आसपास होतं, त्यात १९१८ चा इन्फ्लुएन्झा. पण ती सरासरी खाली ओढली होती ती लेकरांच्या मृत्यूंनी. जो लेकरांचा बाप होण्याइतका जगला त्याची गणितं वेगळी. म्हणून प्रत्येकालाच वाटतं की 'आमचे पूर्वज फार जगायचे'. खरं काय ते पाहायचं तर पणजोबांची सगळी भावंडं धरा, पाळण्यात गेलेलीही. ती भावंडं बहुतेक वंशावळींत लिहिलेलीच नसतात.

सुशीला_खाणारा
याला जोडून. मृत्यूचं साल नसलेली माणसंही एकदा बघा. ग्रॅम्प्स, वेगळं काही ठरवलं नाही तर, ११० वर्षांपर्यंत माणूस हयात असू शकतो असं धरतो. १९२० ला जन्मलेला आणि मृत्यू न भरलेला एखादा काका तुमच्या फाईलमध्ये अजून जिवंत असेल.

गड्डाकर
असे बरेच निघाले! एकाला तर मी खांदा दिलाय.

आता हिशेब सांगतो. १४३ वाले आजोबा-नातू वेगळे केले: आजोबा ७१, नातू ६४ च्या पुढे नाही. १२८ वाले बहुधान्यच निघाले, १८७८. थोरल्या मुलाचा जन्म १९०३ चा असल्यामुळे प्रश्नच मिटला. शंभरीच्या वरचे सगळे गळाले, पण शंभरी भरलेली एक नव्याने सापडली. ती एक म्हणजे काकांची आत्या, मंगळवेढ्याला दिलेली, आमच्या झाडात लग्नानंतर तिचं पानच नव्हतं. माहेर_बार्शी ताईंचं वाचून तिच्या सासरी फोन केला. भावाच्या वारसनोंदीत नाव, नातवाकडे मृत्यूचा दाखला. कमीत कमी वय १००.

कमीत कमी नव्वद भरणारे नऊ जण, त्यात सहा बायका. काकांना यादी दाखवली. पणजीवर खूश, पण त्यांच्या लाडक्या आजोबांचे १०५ चे '८३ ते ९१' झाले म्हणून सकाळपासून बोलत नाहीत. म्हणतात, "घरच्या माणसाला कागद मागतोस?"

माहेर_बार्शी
नऊ जणांत सहा! म्हटलं नव्हतं?

शेंगाचटणी
काकांना सांगा, फ्लेक्सवाला १०५ छापायला तयार आहे, पण आधारकार्ड मागतोय.

तलाठी_निवृत्त
थट्टा पुरे. गड्डाकर, त्या आजोबांसाठी गावचं कोतवाल बुक पाहिलंत का? ८३ ते ९१ म्हणजे 'कागद शोधा' यादीतलेच की ते. अजून बाद नाहीत.

गड्डाकर
पाहिलं काका. मृत्यूची नोंद असावी अशा दोन पानांचे फोटो मिळालेत, दोन्ही मोडीत. मला त्यात 'बिन' सोडून काही लागत नाही.

मोडीवाचक
पाठवा. पण पुन्हा काढता आले तर बरं: पान सपाट ठेवून, अगदी वरून, दिवसाच्या उजेडात. आणि नुसती ती ओळ नको, आधीच्या आणि नंतरच्या नोंदीही येऊ द्या. साल बहुधा पानाच्या डोक्यावर एकदाच लिहिलेलं असतं, आणि महिना आधीच्या नोंदींवरून लावावा लागतो.